पंधरा ॲप आणि न सापडणारी फाईल

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश असा: त्यांचे वय ४६ असून गेली १८ वर्षे त्या तहसील कार्यालयाजवळ टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान चालवतात. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, उताऱ्यासाठीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज अशी कामे मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत येतात. मराठी मजकूर त्या टाइपरायटरच्या मांडणीने आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. शाळेत शिकल्यामुळे कन्नड त्यांना वाचता येते, परंतु टाइप करता येत नाही, म्हणून ते काम शेजारच्या दुकानातून पैसे मोजून करून घ्यावे लागते. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या मुलाने "आई, तुझी पद्धतच जुनी आहे" असे म्हणत दुकानाच्या संगणकावर कामांची यादी, नोंदी, वेळेचे नियोजन, सफाई अशी १५ ॲप बसवून दिली. आता संगणक सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटे लागतात, जुन्या गिऱ्हाइकाची फाईल पूर्वीसारखीच सापडत नाही, आणि पैसे भरून चांगली ॲप घेतल्याशिवाय फरक पडणार नाही, असे मुलगा सांगतो. "कोणती दहा ॲप ठेवू, कोणती काढू आणि मुलाचे ऐकू की नको?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुम्ही दहा नावे मागितली आहेत. नावे मी देणार आहे, परंतु ती दहा भरतील की नाही याची मला फिकीर नाही. त्याआधी तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. "या वयात मी मागे पडले आहे, हे मुलाचे म्हणणे खरेच असावे," असे तुम्ही लिहिले आहे. तीन भाषांच्या कागदपत्रांचे दुकान जी बाई १८ वर्षे चालवते आणि जिच्याकडे गिऱ्हाईक वर्षभराने पुन्हा येते, ती मागे पडली आहे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र तुमचा वेळ नेमका कशात जातो हे तुम्हालाही माहीत नाही आणि चिरंजीवांनाही नाही, कारण तो अजून कोणी मोजलेलाच नाही. दुखते कुठे हे न विचारता मुलाने पंधरा औषधे आणून दिली, इतकाच त्याचा दोष आहे.

म्हणून पहिला आठवडा एकही नवे ॲप बसवू नका. काउंटरवरच्या वहीत प्रत्येक कामापुढे दोन वेळा लिहा: गिऱ्हाईक समोर उभे राहिले ती, आणि कागद त्याच्या हातात पडला ती. मध्ये खोळंबा झाला असेल तर कारणाचा एकच शब्द पुढे टाका: शोध, फॉन्ट, साइज, कन्नड, सर्व्हर, वीज. शेवटच्या दोन कारणांवर संगणकातल्या कोणत्याही ॲपचा इलाज चालत नाही, ती सोडून द्या. उरलेल्यांपैकी जो शब्द वहीत सर्वाधिक वेळा येईल, तिथूनच सुरुवात करायची. तुमच्यासारखे दुकान निपाणीत, चिकोडीत किंवा शहापूरच्या एखाद्या गल्लीत चालवणाऱ्यांनीही हीच वही आधी लिहावी, कारण कोणाचा खोळंबा कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही.

तुमच्याबाबत मात्र मला अंदाज बांधता येतो, कारण पत्रासोबत तुम्ही पडद्याचे छायाचित्र पाठवले आहे. डेस्कटॉपवर एकाखाली एक 'पाटील', 'पाटील १', 'पाटील फायनल', 'पाटील फायनल नवीन', 'न्यू डॉक्युमेंट ७' अशा फायली आहेत आणि एका फाईलचे नाव नुसतेच 'अर्जंट' आहे. खानापूर तालुक्यात 'पाटील' नावाची फाईल शोधणे म्हणजे जत्रेत टोपीवाला शोधण्यासारखेच आहे. यावर 'एव्हरीथिंग' नावाचे एक छोटे, मोफत आणि दुकानातही वापरता येणारे साधन आहे, आणि विंडोजवर काम करणाऱ्या कोणालाही मी सर्वांत आधी तेच सुचवतो. हार्ड डिस्कवर सर्व फायलींच्या नावांची एक मूळ नोंदवही विंडोज स्वतःच ठेवत असते. हे साधन फोल्डरमागून फोल्डर उघडत न बसता थेट ती नोंदवही वाचते, त्यामुळे तुम्ही अक्षरे टाइप करत असतानाच यादी आकसत जाते आणि लाखभर फायलींतून हवी ती क्षणात समोर येते. परंतु ते नेहमीच्या वापरात फाईलचे नावच शोधते, आतला मजकूर नाही. नावच 'अर्जंट' असेल तर ते बिचारे काय करणार?

तेव्हा साधनाइतकेच महत्त्व नाव देण्याच्या शिस्तीला आहे. '२०२५-११-१४ पाटील नंदगड प्रतिज्ञापत्र' असे, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर आडनाव, गाव आणि काम, या क्रमाने नाव द्या. वर्ष पुढे असल्यामुळे फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात, आणि 'पाटील नंदगड' एवढे टाइप केले की त्या गावच्या पाटलांची सगळी कामे दिसतात. एकाच गावात एकाच नावाचे दोघे निघाले तर वडिलांचे नाव जोडा. आकडे मात्र एकतर नेहमी मराठी लिहा किंवा नेहमी इंग्रजी लिहा, कारण आपल्याला चौदा म्हणजे चौदाच दिसत असले तरी संगणकाच्या लेखी दोन्ही लिप्यांतील चौदा ही वेगळीच अक्षरे असतात. 'फायनल' हा शब्द फाईलच्या नावात पुन्हा कधीही वापरू नका. माझ्या पाहण्यात ज्या फाईलच्या नावात तो असतो, ती शेवटची कधीच नसते.

आता फॉन्टचा प्रश्न. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो, आणि मुलाच्या पंधरा ॲपपैकी एकही त्याला हात लावत नाही. तुम्ही लिहिता की इथे सुंदर दिसणारा मजकूर दुसऱ्या कार्यालयात उघडला की चिन्हांची रांगोळी दिसते आणि सरकारी पोर्टलच्या चौकटीत चिकटवला तर अगम्य इंग्रजी अक्षरे उमटतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तुम्ही टाइप केलेला 'क' संगणकाच्या दृष्टीने 'क' नसतोच. तिथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, त्यामुळे युनिकोडमधला मजकूर कुठेही उघडला तरी मराठीच राहतो, पोर्टलमध्ये चिकटवता येतो आणि शोधताही येतो. कन्नडचीही हीच कथा आहे. कर्नाटकातील कार्यालयांत बरीच वर्षे वापरल्या गेलेल्या 'नुडी' या कन्नड टायपिंगच्या साधनामध्ये केलेल्या जुन्या फायलीही अशाच फॉन्टवर अवलंबून असतात, आणि तुमच्याकडे पेनड्राइव्हवरून येणारे कन्नड मसुदे कधी नीट आणि कधी विस्कटलेले दिसतात, त्यामागचे कारण बहुधा तेच असावे.

नव्या कामासाठी युनिकोडला पर्याय नाही, एवढे मी ठामपणे सांगतो. बोटांची सवय मोडायची की नाही, हे मात्र तुमच्यावर सोपवतो. टाइपरायटरचीच मांडणी युनिकोडमध्ये देणारी साधने मिळतात. ती बसवली तर तुमची १८ वर्षांची बोटे तशीच चालतील आणि फाईल युनिकोडमध्ये तयार होईल. केवळ मराठीचे काम असते तर मी तुम्हाला हाच मार्ग सुचवून पुढे गेलो असतो.

पण तुम्हाला कन्नडही हवे आहे, आणि इथे आपल्या सीमाभागातील माणसाला फायद्याची अशी एक गोष्ट आहे, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली, ती भारतीय लिप्यांसाठी एकच. डावीकडे स्वर आणि त्यांच्या मात्रा, उजवीकडे व्यंजने. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत 'क' आहे आणि कन्नडमध्येही 'क'च आहे. 'एल'वर दोन्हीकडे 'त', 'जे'वर दोन्हीकडे 'र', आणि पाय मोडायचा तर दोन्हीकडे 'डी'. म्हणजे मराठीसाठी ही मांडणी एकदा बोटांत बसली की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलायची आणि त्याच बोटांनी कन्नड टाइप करायचे. कन्नडमधील ह्रस्व 'ए' आणि ह्रस्व 'ओ' मराठीत नाहीत, त्यांच्या कळा तेवढ्या निराळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्ये मुळातच असतात, 'भाषा' या सेटिंगमध्ये जाऊन ते जोडायचे एवढेच. रोज दुकान उघडल्यावर पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत वीस मिनिटे सराव करा. पहिले काही आठवडे तुमचा वेग पडेल, चिडचिड होईल, आणि घाईच्या कामाला तुम्ही जुन्याच मांडणीकडे वळाल. वळा, त्यात काही बिघडत नाही. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून उमटवायची ध्वन्यात्मक पद्धत मुलगा वापरत असेल, आणि २०१९ पासून तीही विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी आहे. कधीतरी चार ओळी लिहिणाऱ्याला ती सोयीची आहे. दिवसाला वीस पाने काढणाऱ्या हाताला मी ती सुचवणार नाही. शेजारच्या दुकानाला कन्नडच्या पानामागे तुम्ही महिन्याला जे पैसे देता, ते या आठवड्यात वहीत मांडून पाहा, म्हणजे कोणत्याही वार्षिक वर्गणीच्या ॲपपेक्षा ही फुकटची मांडणी किती मोलाची आहे, हे मुलालाही दिसेल.

तिसरी गोष्ट थोडी कडक शब्दांत सांगतो, राग मानू नका. पोर्टलला लहान आकाराची पीडीएफ लागते म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाचे आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक इंटरनेटवरच्या कोणत्याही फुकट संकेतस्थळावर चढवून 'साइज कमी' करून घेता. त्या संकेतस्थळाचा मालक कोण आणि तो त्या कागदांचे पुढे काय करतो, हे तुम्हाला माहीत नाही. गिऱ्हाइकाने कागद विश्वासाने तुमच्या हातात दिला होता. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा बाजूला ठेवला, तरी गावात दुकानाचे नाव एकदा गेले की ते परत येत नाही. आणि बहुतेक वेळा या उद्योगाची गरजच नसते, कारण फाईलचा आकार स्कॅन करतानाच ठरतो. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केला तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात, १५० डीपीआयवर त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे २२ लाख. रंगीतऐवजी करड्या छटांत घेतला तर प्रत्येक ठिपक्यामागची माहितीही एक तृतीयांशच उरते. छापील दाखला १५० ते २०० डीपीआयवर स्वच्छ वाचता येतो. 'नॅप्स-टू' हे मोफत साधन स्कॅनरला जोडून अशी दोन-तीन सेटिंग जतन करून ठेवते, अनेक पाने एका पीडीएफमध्ये बांधते, आणि मराठी-कन्नडची भाषा-फाईल उतरवून घेतली तर चित्रातली अक्षरेही ओळखते, अर्थात ती नजरेखालून घालावीच लागतात. आधीच मोठी असलेली पीडीएफ हातात आली तर 'पीडीएफ-ट्वेंटीफोर क्रिएटर' संगणकावरच ती लहान करते, जोडते आणि तोडते. फक्त त्याच नावाचे संकेतस्थळ आणि संगणकावर बसवायचे साधन यांत गल्लत करू नका. जिथे चालत असेल तिथे आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत वापरण्याचा आग्रह गिऱ्हाइकाला करा. आणि ज्या डायरीत तुम्ही गिऱ्हाइकांचे पासवर्ड लिहून ठेवता ती डायरी बंद करा. स्वतःच्या पासवर्डसाठी 'कीपास-एक्स-सी' आहे, ते सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये तुमच्याच संगणकावर ठेवते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. झिप आणि रार फायलींसाठी 'सेव्हन-झिप'. वारंवार लागणारी वाक्ये, उदाहरणार्थ प्रतिज्ञापत्राचा शेवटचा परिच्छेद, वर्डसारख्या मोफत 'लिब्रेऑफिस'च्या ऑटोटेक्स्टमध्ये ठेवता येतात, दोन अक्षरे टाइप करून एफ-थ्री दाबले की अख्खा परिच्छेद उमटतो. विंडोजची कळ आणि 'व्ही' एकत्र दाबले तर आधी कॉपी केलेल्या २५ पर्यंत गोष्टींची यादी समोर येते. फॉर्म भरताना हे फार उपयोगी पडते, पण आधार क्रमांकही त्या यादीत राहतो, म्हणून गिऱ्हाईक गेले की यादी पुसा. ॲप 'मोफत' आहे एवढे वाचून निश्चिंत होऊ नका: फोटोसाठी लोकप्रिय असलेले 'इरफानव्ह्यू' घरगुती वापरालाच मोफत आहे, दुकानासाठी परवाना घ्यावा लागतो. फोटोंचा आकार बदलण्यापुरते काम असेल तर मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवरटॉइज'मधील सोय पुरेशी आहे.

काढायचे काय? सफाई आणि वेग वाढवण्याचे आश्वासन देणारे ॲप आजच काढा. अशाच एका सफाई साधनाने माझ्या संगणकावरचा प्रिंटर एका दुपारी असा नाहीसा केला होता, की तो परत आणायला मला संध्याकाळ लागली. वेळेचे नियोजन करणारी, पंचवीस मिनिटांनी घंटा वाजवणारी ॲप एकट्याने बसून अभ्यास करणाऱ्याला उपयोगी असतील, मुलाला ती खुशाल वापरू द्या. पण तुमचे काम गिऱ्हाईक दारात आले की सुरू होते, घंटेने नाही. कामांच्या यादीची तीनही ॲप काढा आणि वही ठेवा. नोंदींचे ॲप ठेवायचेच असेल तर एक प्रश्न विचारून ठेवा: यातली माझी माहिती उद्या साध्या फाईलच्या रूपात बाहेर काढता येईल का? माझ्या तीन वर्षांच्या नोंदी ज्या ॲपमध्ये होत्या ते एके दिवशी बंद पडले, आणि बाहेर आलेल्या फाईलमध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. उरलेल्यांपैकी संगणकासोबत आपोआप सुरू होणारी कोणती आहेत, ते कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून 'स्टार्टअप'च्या यादीत पाहा आणि तिथे बंद करा. तुमची पाच मिनिटे बहुधा तिथेच अडकली आहेत. त्यानंतरही संगणक रखडत असेल तर पैसे ॲपवर घालण्याऐवजी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवा.

पैशांचा आणखी एक खर्च मात्र टाळता येणार नाही. तुमच्याकडे विंडोज १० आहे आणि त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षेची सोय मर्यादित काळापुरतीच आहे, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो, तो तुमच्या यंत्रात आहे का हे मुलाकडून तपासून घ्या. मुलगा विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली सुचवील. घरच्या संगणकावर जरूर बसवा, मराठी आणि कन्नड इन्स्क्रिप्ट तिथेही आहे. दुकानात मात्र अंगठ्याच्या ठशाचे यंत्र आणि डिजिटल सहीची पेनड्राइव्ह त्यावर चालतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय उडी घेऊ नका. कोणी दोनशे रुपयांत 'ॲक्टिव्हेट करून देतो' म्हणाला तर गिऱ्हाइकांचे कागद असलेल्या यंत्राला त्याचा हात लागू देऊ नका.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याचे ऐका, पण त्याच्या हाती यादी न देता वही द्या. आठवड्याची वही त्याच्यासमोर ठेवून सांगा की यात 'शोध' हा शब्द इतक्या वेळा आला आहे, यावर उपाय कर आणि पुढच्या आठवड्यात तो किती वेळा येतो ते आपण दोघे मोजू. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अशी अडचण दिली की तो रमतो. एका वेळी एकच बदल, आणि तोही सोमवारी नको. त्या दिवशी तुमच्याकडे रांग असते, असे तुम्हीच लिहिले आहे.

एक काम त्याच्याकडून याच रविवारी करून घ्या. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज कशी जाते हे मी सांगायला नको. 'लिब्रेऑफिस'मध्ये आपोआप जतन करण्याचा मूळचा अवधी दहा मिनिटांचा असतो, तो दोन मिनिटांवर आणायला सांगा. मग 'फ्रीफाईलसिंक'सारख्या साधनाने (दुकानासाठी त्याचा परवाना लागतो का, हे आधी पाहून) दुकानातल्या सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर रोज संध्याकाळी घेण्याची सोय करून घ्या आणि ती डिस्क घरी न्या, दुकानात ठेवू नका. दुसरी एक डिस्क महिन्यातून एकदा भरून कपाटात ठेवली तर उत्तम. गिऱ्हाइकांचे कागद त्यात असल्यामुळे दोन्ही डिस्कना पासवर्डचे कुलूप हवे.

आणि जुन्या फॉन्टमधल्या १८ वर्षांच्या फायली युनिकोडमध्ये बदलायला एकदम बसू नका. बदलून देणारी साधने आहेत, पण रफार आणि जोडाक्षरे कुठेतरी फसतातच आणि प्रत्येक पान डोळ्यांनी तपासावे लागते. जुने गिऱ्हाईक दारात आले की त्याची तेवढी फाईल बदला, नव्या पद्धतीचे नाव द्या आणि कागद त्याच्या हातात ठेवा. जो परत आलाच नाही, त्याची फाईल आहे तशीच राहू द्या.